घरगुती दर

खटला ताई जिंकली होती. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण पुढचं ऐकून कुणालाही वाटेल की ती हरली. भावानं बहिणीचे पैसे परत करावेत, असं न्यायाधीशांनी भर कोर्टात वाचून दाखवलं होतं आणि त्या कागदावर शिक्काही बसला होता. पण कोर्टानं ‘द्या’ म्हणणं आणि समोरच्यानं प्रत्यक्ष देणं यांत बरंच अंतर असतं, आणि त्या अंतराचं भाडं म्हणजे व्याज. निकाल लागला त्या दिवसापासून शेवटचा पैसा हातात पडेपर्यंत ते चालू राहतं. ते किती दरानं चालायचं, एवढंच ठरायचं राहिलं होतं, आणि तेवढ्यासाठी आणखी एक तारीख पडली होती.

ताईच्या वकीलबाई वयानं तिच्याहून बऱ्याच लहान होत्या आणि बोलायला लागल्या की कुणाला ऐकायच्या नाहीत. त्यांनी दोन वाक्यांत समजावून सांगितलं. पैसे धंद्यासाठी दिलेले असले, तर बँक धंदेवाल्यांकडून घेते तेवढं व्याज मिळतं. नात्यातल्या नात्यात, घरातल्या घरात दिलेले असले, तर घरगुती दर, म्हणजे त्याच्या निम्म्याहून कमी. निकालाच्या दिवशी समोरच्या वकिलानं अगदी शेवटी उठून सांगितलं होतं की ही बाई माझ्या अशिलाची सख्खी थोरली बहीण आहे, यात धंदाबिंदा काही नाही. न्यायाधीशांनी चष्मा काढला, पुसला, आणि या एका मुद्द्यावर दोघांनाही ऐकू म्हणाले.

हे सगळं ताईच्या खोलीत, तिच्या कामाच्या टेबलापाशी चाललं होतं. खोली एका लॉन्ड्रीच्या मागे होती आणि तिची एक भिंत दिवसभर गरम असायची. ताई कवळ्या बनवायची. दातांचे डॉक्टर रोग्याच्या तोंडाचा ठसा घेऊन तिच्याकडे पाठवायचे, ती त्यावरून प्लॅस्टरचा साचा काढायची, मेणात एकेक दात बसवायची, मग गुलाबी हिरड्या ओतून, घासून, चकचकीत करून कवळी परत पाठवायची. शहरातले किती तरी लोक तिच्या दातांनी जेवत होते आणि त्यांतल्या एकाचाही चेहरा तिनं पाहिलेला नव्हता. जबडा ओळखीचा, माणूस अनोळखी. आपलेच दात आणि आपलेच ओठ अशी म्हण आहे, ती ताईच्या धंद्याला लागू नव्हती. घराला मात्र चांगलीच लागली.

तिला होता एकच भाऊ. त्याचं नाव बारक्या. आता तो पन्नाशीला आला होता, पोट सुटलं होतं, पण ताईच्या तोंडी बारक्याच. त्याचा फर्निचरचा कारखाना होता. कारखाना म्हणजे भाड्याची शेड, चार सुतार आणि सगळीकडे भुसा. एकदा तो तिच्याकडे जेवायला आला आणि तोंडातला घास गिळायच्या आधीच म्हणाला, की लाकूड कापायचं एक मोठं यंत्र मिळालं तर आपलं नशीब उघडेल. ताईनं तेव्हा स्वतःची एक खोली घेण्यासाठी पैसे साठवले होते. पुढच्या आठवड्यात तो पुन्हा जेवायला आला, तेव्हा तिनं ते त्याच्या ताटाशेजारी ठेवले. कागद नाही, सही नाही. ‘नफ्यात तुझा वाटा, ताई,’ तो हसत म्हणाला आणि आणखी भात मागितला.

यंत्र आलं. नफा आला की नाही, देव जाणे, वाटा काही आला नाही. आधी ‘पुढच्या महिन्यात नक्की’, मग नुसताच वाजणारा फोन, मग दारात भावजय. ती म्हणाली, ते गावाला गेलेत. तिच्या पायाशी बारक्याचे बूट होते. डावी टाच नेहमीसारखी झिजलेली. ताईनं बूट पाहिले, भावजयीनं ताईला बूट पाहताना पाहिलं, एवढंच. ताईच्या दातांच्या कण्या करून झाल्या होत्या. घरी येईपर्यंत तिचं डोकं इतकं तापलं, की दुसऱ्या दिवशी ती वकीलबाईंच्या कार्यालयात जाऊन बसली.

शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात. ताई चढली, आणि पहिला राग निवला तरी उतरली नाही, याचं कारण तिनं वकीलबाईंनाही कधी सांगितलं नव्हतं. तारखेला बारक्या यायचा. त्याला यावंच लागायचं. समोरच्या बाकावर तो बसायचा, तिच्याकडे बघायचा नाही, पण ती त्याच्याकडे पोटभर बघून घ्यायची. केस कुठवर पिकलेत, सर्दी गेली की नाही, बाहीचं बटण कुणी लावून देतंय की नाही. बाकीचे लोक पुढची तारीख पडली की कपाळाला हात लावतात, ताईला बरं वाटायचं. चार वर्षं तिनं अशी काढली. नवरा नाही, मूलबाळ नाही, शेजारी लॉन्ड्रीची यंत्रं. बोलायला साचे होते, आणि त्या बिचाऱ्यांची तोंडं कायमची उघडी असली तरी त्यांतून शब्द येत नव्हता.

आणि आता ही शेवटची तारीख होती. दर ठरला की कोर्टाचं काम संपलं.

वकीलबाईंना या गोष्टीचा पत्ता नव्हता. त्या हिशेबाच्या होत्या आणि त्यांचा हिशेब बरोबर होता. डॉक्टर लोक आता दात यंत्रावर करून घेत होते, दोन म्हातारे डॉक्टर तेवढे ताईकडे काम पाठवत आणि तेही दुकान बंद करायच्या गोष्टी करत. ताईचा उजवा हात बारीक कामाला थरथरू लागला होता. घरगुती दर लागला तर बारक्या कशाला घाई करेल, वकीलबाई म्हणाल्या. बँक त्याला दुप्पट व्याजानं कर्ज देते, त्यापेक्षा बहिणीचे पैसे वापरत बसणं स्वस्त. धंद्याचा दर लागला, तर तो वर्षाच्या आत पैसे आणून टाकेल, आणि तुम्हाला स्वतःचं छप्पर होईल.

‘म्हणा की नफ्यात वाटा देणार होता. म्हणाला होता ना?’

‘म्हणाला होता. हसत म्हणाला होता.’

‘हसण्याची नोंद कोर्टात होत नाही, ताई.’

ताई बरं म्हणाली. मनापासून म्हणाली. बुटांची आठवण काढली की तिला ते सहज म्हणता यायचं.

तारखेच्या दिवशी कोर्टाच्या व्हरांड्यात ती नेहमीप्रमाणे लवकर जाऊन बसली. बारक्या आला तेव्हा तिला धस्स झालं. पोट गेलं होतं. कोट खांद्यांवर सैल पडला होता. नावाला आता शोभत होता, पण ते बघून तिला जराही हसू आलं नाही. तो तिच्यासमोरून गेला, मान वळवली नाही, आणि आपल्या वकिलाच्या शेजारी जाऊन उभा राहिला. वकील त्याच्या कानात काहीतरी पढवत होता आणि बारक्या शाळेतल्यासारखी मान हलवत होता.

आधी त्याला पिंजऱ्यात बोलावलं. शपथ झाली. त्याच्या वकिलानं विचारलं, या बाई तुमच्या कोण, आणि बारक्या म्हणाला, ‘माझी ताई.’

चार वर्षांत हा शब्द तिनं ऐकला नव्हता. इतर लोक म्हणायचे, वकीलबाई म्हणायच्या, पण ते सगळं वरवरचं. हा शब्द ज्याच्या हक्काचा होता, त्यानं तो आज उच्चारला, आणि तोही व्याज कमी व्हावं म्हणून. हे तिला कळत होतं. ती काही दुधखुळी नव्हती. तरी तिचे डोळे भरून आले आणि तिला स्वतःचाच राग आला.

बारक्या बोलत राहिला. आई गेली तेव्हा मी एवढासा होतो, असं त्यानं हातानं दाखवलं. ताईनं मला वाढवलं, शाळेत घातलं, माझ्या तापात रात्री जागून काढल्या. तिला चांगली स्थळं येत होती, ती मी मोठा होईपर्यंत थांबली, मग स्थळं थांबली. पैसे तिनं मला जेवताना दिले, ताटाशेजारी ठेवून. कागद तिनं मागितला नाही, कारण मी तिचा भाऊ. यातलं एक अक्षर खोटं नव्हतं. वकिलानं पढवलेलं थोडंच असं सांगता येतं? मागच्या बाकावरची दोन माणसं, जी दुसऱ्याच खटल्यासाठी आली होती, ती चुळबुळ थांबवून ऐकू लागली. ताईला वाटलं, हे सगळं याला आठवत होतं. मग दार का उघडलं नाही?

वकीलबाई उलटतपासणीला उठल्या. इतकी जिवाभावाची बहीण, मग भेटता का तिला, असं त्यांनी विचारलं. भेटतो ना, बारक्या म्हणाला. तिच्या घरी जाता? जातो. कुठं राहतात त्या?

बारक्यानं पत्ता सांगितला. गल्ली सांगितली, इमारत सांगितली, तिसरा मजला, जिन्याला लागून डावीकडचं दार. वर न विचारता म्हणाला की तिच्या स्वयंपाकघराचा नळ कायम गळत असतो.

ते घर ताईनं सोडल्याला दोन वर्षं झाली होती. मालकानं भाडं वाढवलं, तिला झेपेना, म्हणून ती लॉन्ड्रीच्या मागे राहायला आली. दावा लावला तेव्हा ती जुन्या घरात होती, त्यामुळे कोर्टाच्या कागदांवर पत्ता तोच राहिला होता. नवा पत्ता वकीलबाईंना माहीत होता, दोन डॉक्टरांना माहीत होता, आणि तिचं टपाल ठेवून घेणाऱ्या त्या जुन्या घरातल्या नव्या भाडेकरणीला माहीत होता. भावाला माहीत नव्हता.

मांजराला दूध दिसावं तसा वकीलबाईंचा चेहरा झाला. त्यांनी बारक्याला आणखी एक प्रश्नही विचारला नाही. त्याला खाली उतरू दिलं, ताईला वर बोलावलं, शपथ होईपर्यंत कसाबसा धीर धरला, आणि सावकाश विचारलं, ‘तुम्ही सध्या कुठं राहता, ते कोर्टाला सांगा.’

आता फक्त खरं बोलायचं होतं. खरं बोललं की बारक्या खोटा पडत होता, बहीणभावाचा सगळा पाढा खोटा पडत होता, आणि चांगला दर आपोआप पदरात पडत होता. ताईनं भावाकडे पाहिलं. तो पहिल्यांदाच तिच्याकडे बघत होता. आपण काय चुकलो हे त्याला अजून उमगलं नव्हतं, पण काहीतरी चुकलं आहे एवढं वकीलबाईंच्या तोंडावरून कळलं होतं. लहानपणी काही फोडून आला की तो असाच उभा राहायचा, आधी तिच्या तोंडाकडे बघायचा आणि मग स्वतःचं तोंड कसं करायचं ते ठरवायचा. सख्ख्या भावाला आपलं घर माहीत नाही, हे या परक्या लोकांपुढे उघडं पडणार, याची लाज त्याच्याआधी तिलाच वाटली. ती तिला सोसेना.

तिनं गल्ली सांगितली. इमारत सांगितली. तिसरा मजला, डावीकडचं दार.

वकीलबाईंच्या हातात ताईच्या नव्या खोलीची भाडेपावती होती. ती त्यांनी वर उचललीच होती, ती तशीच खाली ठेवली, आणि आणखी काही विचारायचं नाही असं सांगून बसल्या.

मग न्यायाधीशांनी स्वतःच विचारलं, ‘बाई, पैसे देताना तुमच्या मनात काय होतं? भाऊ, की त्याचा कारखाना?’

‘कारखाना मी पाहिलेलासुद्धा नव्हता, साहेब,’ ताई म्हणाली. ‘भाऊ जेवायला बसला होता.’

न्यायाधीशांनी हुकूम सांगायला सुरुवात केली आणि टंकलेखक टाइप करत गेला. व्याज घरगुती दरानं. भावाची ऐपत बघून पैसे हप्त्यानं द्यायची मुभा. हप्ता दर महिन्याच्या एक तारखेला बहिणीनं आत्ता सांगितलेल्या पत्त्यावर नेऊन द्यावा. तो आधी व्याजात धरावा आणि उरेल ते मुद्दलात.

बाहेर आल्यावर वकीलबाईंनी तिला एका कोपऱ्यात घेतलं. आपल्याच पायावर असा धोंडा मारून घेणारं माणूस मी पाहिलं नाही, असं त्या म्हणाल्या. शपथेवर खोटं बोललात, तेही स्वतःच्या नुकसानीसाठी. आता एवढ्याशा हप्त्यातला बराचसा भाग व्याजातच जाणार. दहा-बारा वर्षं तो हेच करत बसेल.

‘दहा-बारा?’ ताईनं विचारलं.

बाई घाबरली, असं वकीलबाईंना वाटलं आणि त्या जरा नरमल्या. ताई घाबरली नव्हती. दर महिन्याला एकदा, दहा-बारा वर्षं, असा हिशेब ती मनात करत होती, आणि तो इतका मोठा येत होता की तिला चेहरा सरळ ठेवणं जड जात होतं.

बारक्या जाताना तिच्यापाशी थांबला. वकील पुढे निघून गेला होता. तिच्या अंगावरच्या कपड्यांकडे बघत तो म्हणाला, ‘एक तारखेला येतो.’ ती म्हणाली, ‘ये.’ तेव्हाच खरा पत्ता सांगता आला असता. पण सांगितलं असतं तर त्याला पिंजऱ्यातलं सगळं कळलं असतं, आणि व्हरांड्यात, येणाऱ्याजाणाऱ्यांसमोर, तिला ते नको होतं. घरी नेऊन, चहा देऊन, हसत सांगू, असं तिनं ठरवलं.

दुसऱ्याच दिवशी ती जुन्या इमारतीत जाऊन आली. तिथली भाडेकरीण दवाखान्यात परिचारिका होती, बोलायला मोकळी. एक तारखेला माझा भाऊ येईल, संध्याकाळी थोडा वेळ तुमच्याकडे बसले तर चालेल का, असं ताईनं विचारलं. परिचारिकेला यातलं काही कळलं नाही, पण चालेल म्हणाली. ताईनं सगळं मनात जुळवून ठेवलं होतं. शेड बंद करून तो दिवेलागणीला येईल. उजाडायला उठणं त्याच्या रक्तातच नव्हतं. दार ती उघडेल. अरे वेड्या, मी इथं राहत नाही आता, चल, असं म्हणेल, आणि दोघं चालत चालत लॉन्ड्रीपर्यंत येतील. एक तारखेला तिनं टेबलावरचे साचे खाटेखाली सरकवले, नव्या कपबशा काढल्या, आलं किसून वाटीत झाकून ठेवलं. जेवायला थांबला तर असावा म्हणून भातही जरा जास्तच लावला.

दुपार कलली तशी ती निघाली. तीन जिने चढून दार वाजवलं. परिचारिकेनं दार उघडलं ते हातात पाकीट घेऊनच.

‘सकाळीच येऊन गेले,’ ती म्हणाली. ‘मी रात्रपाळीहून नुकतीच आले होते.’

ताई चौकटीला धरून उभी राहिली. मग एकेक विचारत गेली. बसला का? नाही, उभेच होते. जिन्यानं दम लागला होता, पाणी तेवढं प्यायले. त्यांनी विचारलं, ताई आहे का. मी म्हटलं, त्या इथं राहत नाहीत, दोन वर्षं झाली, संध्याकाळी येणार आहेत तुमच्यासाठी. मग ते नळाकडे बघत होते. तो नळ मी आल्या आल्या दुरुस्त करून घेतला.

‘मी म्हटलं, नवा पत्ता देते लिहून. इथून लांब नाही. तर नको म्हणाले.’

‘नको म्हणाला?’

‘म्हणाले, इथंच आणून देत जाईन, तुमची हरकत नसेल तर. तुम्हीच देत जा तिला.’

म्हणजे बारक्याला सगळं कळलं होतं. ताई पिंजऱ्यात का खोटं बोलली, कुणासाठी बोलली, हे त्या दारात उभ्या उभ्या त्याला लख्ख कळलं होतं, आणि म्हणूनच त्यानं पत्ता घेतला नव्हता. पैशांचं देणं कोर्टानं दर लावून बांधून दिलं होतं, ते एक ना एक दिवस फिटलं असतं. या दुसऱ्या देण्याला दर नव्हता आणि हप्ता नव्हता, तेव्हा त्यानं तोंड चुकवलं, जसं त्यानं आयुष्यभर चुकवलं होतं. ताईनं स्वतःची अशी समजूत घातली. नाहीतर मग त्याला यायचंच नव्हतं, एवढं साधं होतं. यांतलं खरं कुठलं, हे तिला कुणी सांगणार नव्हतं, आणि आता कुठली तारीखही उरली नव्हती जिथं जाऊन ते त्याच्या चेहऱ्यावर वाचावं.

परिचारिकेला तिची दया आली असावी. म्हणाली, पुढच्या महिन्यात तुम्ही सकाळीच या ना, माझ्याकडे बसा, गाठ पडेल. ताईनं पाकीट घेतलं. एकदा गाठ पडली, की दुसऱ्या महिन्यापासून पाकीट वकिलाच्या हातून येईल, हे तिला बारक्यापेक्षाही आधी कळत होतं. पाकीट तसंच येत राहिलं, तर निदान या तीन जिन्यांवर त्याचा पाय पडत राहील, आणि तो खोकतो का, आणखी वाळला का, हे या बाईला विचारता येईल.

‘नको,’ ती म्हणाली. ‘सकाळी त्याला येऊ दे. मी संध्याकाळीच येत जाईन.’